ईश्वरीला दाणा द्यायचाय, आप्पा

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात रोज बोलते मी, पण कागद-पेन घेऊन बसायची ही पहिलीच वेळ. उद्या सकाळी मी तुम्हाला दिलेला शब्द मोडणार आहे. तुम्हाला न सांगता मोडला तर मला घास गिळवायचा नाही, म्हणून लिहितेय.

उद्या दौंडला डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात ईश्वरीला शेंगदाणा चाटवायचाय. ईश्वरी म्हणजे तुमची नात, तुम्ही न पाहिलेली. आत्ता कुठं बसायला लागलीय, अजून मधेच एका बाजूला कलंडते. वरचं खाणं नुकतंच सुरू केलंय. आणि एवढ्याशा जिवाच्या तोंडात मी शेंगदाणा घालायला निघालेय! शुभीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच वाटलं असेल ना तुम्हाला?

मलाही तसंच वाटतंय. आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून परत घातलं, आणि सागर तेच जेवून कामाला गेले. कुरकुंभच्या कंपनीतून उद्याची सुट्टी काढलीय त्यांनी. तेही घाबरलेत, पण पुरुषासारखं गप्प बसून घाबरतात. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कालपासून माझ्याशी बोलणं टाकलंय. थोरल्याचं झालं ते पुरं नाही का, एवढंच म्हणाल्या.

थोरल्याचं काय झालं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे, आप्पा?

विराजच्या वेळचं सगळं मला पहिल्यापासून आठवतंय. आई आदल्याच वर्षी गेलेली. घरात बाईमाणूस नाही, तर पोरीचं बाळंतपण कोण करणार म्हणून आत्या म्हणाल्या, राहू द्या इकडंच, कासुर्डीलाच. तुम्ही न्हावऱ्याहून मोटारसायकलवर आलात, ओट्यावर बसलात आणि चहाला हातसुद्धा लावला नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, आई नसली म्हणून काय झालं, बाप हाय की. असं म्हणून मला घेऊनच गेलात.

पहिले काही दिवस शेजारच्या कुसुममावशी बाळाला न्हाऊ घालायला यायच्या. मग त्यांचा गुडघा धरला आणि त्या यायच्या बंद झाल्या. मला टाके पडलेले, खाली बसता येत नव्हतं. मी काळजीत, आता कसं करायचं. तर तुम्ही धोतर गुडघ्याच्या वर खोचलंत, न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसलात आणि म्हणालात, आण त्याला इकडं. वासरं न्हाली माझ्या हाताखाली, ह्यो तर नातू हाय.

गावात किती हसली माणसं! पारावर तुमची थट्टा चालायची. आप्पा आता सुईणीचं काम घेणार, म्हणायचे. तुम्हाला कशाचं काही नव्हतं. नांगर धरून घट्टे पडलेले तुमचे हात, आणि त्या हातांनी तुम्ही त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून, मानेच्या वळ्यांतून असं तेल जिरवायचात, की तो न्हाताना रडायचा नाही, तिथंच पेंगायला लागायचा. मी दारात उभी राहून बघायची. आई असती तर तिनंही एवढं निगुतीनं केलं नसतं, हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही. आता बोलते.

आणि तेल तरी कुठलं! बाजारातल्या पिशवीतलं तेल तुम्ही हातात धरायला तयार नव्हतात. आपल्याच रानातला उन्हाळी भुईमूग. तुम्ही शेंगा स्वतः फोडल्या, किडका दाणा निवडून टाकला, आणि तळेगाव ढमढेऱ्याला लाकडी घाण्यावर समोर उभं राहून तेल काढून आणलंत. गाळलेलंसुद्धा नाही. गढूळ, दाट, खाली गाळ बसलेलं. सारा कस त्या गाळातच असतो, म्हणायचात तुम्ही.

विराजचं अंग कोरडं पडायला लागलं तेव्हा तुम्ही हात आणखी सैल सोडला. कोपराच्या खोबणीत, गुडघ्याच्या मागं, गालांवर त्याला लाल चट्टे आले. ते चिरायचे, त्यातून पाणी यायचं. कुणी म्हणालं उष्णता आहे, कुणी म्हणालं इसब आहे. तुम्ही म्हणालात, कातडी तेल मागतीय. जिथं जास्त फुटायचं तिथं तुम्ही जास्त लावायचात.

हे मी एवढं सगळं का लिहितेय ते पुढं सांगते, आप्पा. सांगायचं की नाही, यातच माझा अर्धा दिवस गेलाय.

लाडवाचा दिवस तर तुम्ही मरेपर्यंत विसरला नाहीत. विराज दुडुदुडू चालायला लागलेला. आम्ही न्हावऱ्याला आलो होतो. तुम्ही लाडवासाठी शेंगदाणे भाजून, गूळ घालून खलबत्त्यात मऊ कुटलेत आणि चिमूटभर त्याच्या तोंडात घातलंत. तोपर्यंत त्याला दाणा दिलाच नव्हता. गावच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, दाणा, अंडं घाई करू नका, पोरगं जरा मोठं होऊ द्या. आपण तर किती सांभाळून वागलो होतो!

आधी त्याचा ओठ सुजला. मग डोळे. अंगभर गांधी उठल्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्याला खोकताही येईना आणि रडताही येईना. तुम्ही त्याला उचलून तसेच गावच्या दवाखान्यात पळालात. तिथं इंजेक्शन दिलं आणि जीपमधून शिरूरला नेलं. वाटेत त्याचा श्वास मोकळा झाला. शिरूरच्या दवाखान्यात मी बघितलं तर तुमच्या पायात चप्पल नव्हती, आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे होता.

त्या दिवसानंतर तुम्ही जे केलंत, ते कुठल्या शेतकऱ्यानं केलं असेल का? घरातल्या सगळ्या शेंगा वाटून टाकल्यात. भुईमूग लावायचा सोडलात, त्या तुकड्यात ऊस लावलात. कालवणात कूट नाही, पोळीबरोबर चटणी नाही. आपल्याकडं दाण्याच्या कुटाशिवाय भाजीला चव येते का? तुम्ही तशीच खाल्लीत. लग्नाच्या पंगतीत बसायचात आणि भातावर ताक घेऊन उठायचात. विराज येणार असला की आदल्या दिवशी घर पुसायचात आणि आंघोळ करून मगच त्याला जवळ घ्यायचात. मी एकदा वैतागून म्हणाले, आप्पा, एवढं नका करू, मला बघवत नाही. तुम्ही म्हणालात, "म्या घाई केली शुभे. एवढ्या लवकर द्यायला नको व्हतं."

हेच धरून बसलात तुम्ही. लवकर दिलं, लवकर दिलं.

ईश्वरीच्या वेळी मला दिवस गेलेत कळलं तेव्हा तुम्ही मला समोर बसवून शब्द घेतलात. "ह्या येळंला शाळंत जाईस्तवर दाणा दावू नगं पोराला. तुझ्या आईची आण हाय." मी दिला शब्द. का नाही देणार? आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही सकाळी उसाला पाणी द्यायला गेलात ते परत आलाच नाहीत. थोडं थांबला असतात तर आज हे सगळं तुमच्याशी भांडून तरी ठरवलं असतं. आता मी कुणाशी भांडू?

तर झालं असं. ईश्वरीच्या गालावर तसेच लाल चट्टे दिसले. दौंडला लहान मुलांच्या एक डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी थोरल्याचं सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, हिला आम्ही दाण्याचा वाससुद्धा येऊ देत नाही. मला वाटलं शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "असं करू नका. हिला दाणा लवकर द्यायला हवा. उशीर केला तर धोका वाढतो."

कानानं ऐकलं ते डोक्यात शिरेना. त्यांनी मला दोन-तीन वेळा समजावून सांगितलं. लहान पोराला दाणा तोंडावाटे, पोटात लवकर गेला, की शरीर त्याला अन्न म्हणून ओळखतं. पूर्वी डॉक्टरच उशिरा द्या म्हणायचे, आता ते चुकीचं होतं असं कळलंय. पण ज्यांच्या अंगावर इसब आहे, घरात आधीच एकाला त्रास आहे, त्यांनी मनानं घरी द्यायचं नाही. आधी तपासणी, मग डॉक्टरांच्या समोर. आम्ही पुण्याला जाऊन हातावर सुई टोचून तपासणी करून आणली. ती चांगली आली. तरी पहिला घास त्यांच्या डोळ्यांसमोर.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, थोरल्याला लहानपणी अंगाला कुठलं तेल लावत होता?

आप्पा, मी सांगितलं. किती कौतुकानं सांगितलं! आमच्या वडिलांनी स्वतः घाण्यावरून आणलेलं, आमच्याच शेंगांचं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, चिरलेल्या कातडीतून दाण्याचा अंश आत गेला, तोही पोटात जायच्या आधी, तर शरीर त्याला शत्रू समजू शकतं. न गाळलेल्या तेलात तो अंश राहतो. माझा चेहरा बघून त्या लगेच म्हणाल्या, तुमच्या मुलाचं तसंच झालं असं मी म्हणत नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. इसब असलेल्या पुष्कळ पोरांना तेल न लावताही असा त्रास होतो.

हे बोलणं झालं तेव्हा मी एकटीच होते. सागरनाही सांगितलं नाही. आजवर कुणालाच नाही. आत्यांना कळलं तर त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि ते मला ऐकायचं नाही.

तुम्हाला तरी का सांगतेय? तुम्ही असता तर सांगितलं असतं का? नसतं. तुमचं काळीज फाटलं असतं. पण तुम्ही गेलात ते लवकर दिल्याचा दोष उरावर घेऊन, आणि तो दोष तर खोटा होता, आप्पा! लवकर देणं चूक नव्हतं. उलट त्याहून आधी द्यायला हवा होता. एक खोटं ओझं उतरवायला गेले तर दुसरं तुमच्या डोक्यावर ठेवावं लागतंय, आणि ते खरं आहे की खोटं तेही कुणाला माहीत नाही. मी काय करू सांगा.

ईश्वरी उठली. बाकीचं उद्या लिहीन. लिहायच्या परिस्थितीत असले तर.

*

आप्पा, दौंडहून आलो. बसून लिहितेय, म्हणजे ओळखलंच असेल तुम्ही. पण झालं कसं ते सांगते.

सकाळी विराजला शाळेत सोडलं आणि मोटारसायकलवरून निघालो. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, मागं फिरा म्हणावं. यवत गेलं, चौफुला गेलं, मी म्हणाले नाही. दवाखान्यात मॅडमनी शेंगदाण्याची मऊ पेस्ट कोमट पाण्यात पातळ केली, केळ्यात कालवली. चमच्याच्या टोकावर थेंबभर घेतली आणि माझ्या हातात दिली. तुम्हीच द्या, म्हणाल्या. बाजूला ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलेलं मला दिसत होतं.

तिच्या तोंडापाशी चमचा नेला आणि मला विराजचाच चेहरा दिसायला लागला, सुजलेला, डोळे मिटलेला. शेवटी पोरगीच पुढं वाकली आणि चमचा तोंडात धरला. तिला काय ठाऊक, केळं दिसलं तिला.

मग बसायचं होतं. नुसतं बघत बसायचं. मी तिचा ओठ बघतेय, डोळे बघतेय, छातीला कान लावतेय. ती शिंकली, तर सागर उठून उभे राहिले. मॅडमनी अजून थोडं दिलं, मग अजून थोडं. आणि तेवढ्यात तिच्या हनुवटीवर लाल ठिपके उठले. मी ओरडले, आप्पा. लाज नाही वाटली, दवाखानाभर ऐकू गेलं असेल. मॅडम आल्या, त्यांनी तिचे कपडे वर करून सगळं अंग बघितलं, छाती तपासली, ओल्या कपड्यानं तोंड पुसलं. म्हणाल्या, लागलंय तिथंच आहे, दुसरीकडं कुठं नाही. बघत राहू. त्या बघत राहण्यात माझा जीव किती वेळा गेला आणि आला ते मला विचारू नका. पण ठिपके मावळले. पोरगी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राशी खेळत खेळत झोपून गेली.

जिवात जीव आला, असं मला लिहायचं होतं. पण पुरता आलेला नाही. मॅडम म्हणाल्या, हे एकदा देऊन भागत नाही. दर आठवड्याला दोन-तीनदा द्यायचं, वर्षानुवर्षं, मधेच सोडायचं नाही. अख्खा दाणा मात्र नाही, तो घशात अडकतो. पाच वर्षांपर्यंत पेस्ट नाहीतर पातळ केलेला बारीक कूट. म्हणजे तुमचा अर्धा शब्द अजून शाबूत आहे म्हणायचा.

पण एकाच घरात दोघं आहेत ना, आप्पा! ज्याच्या वासाला मी इतकी वर्षं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, ते आता धाकटीसाठी आणायचं आणि थोरल्याच्या हाताला, ताटाला, उशीला लागू द्यायचं नाही. तिनं खाल्लं आणि लगेच त्यानं तिचा मुका घेतला तर? तो सारखा घेतो. मी ठरवलंय, डबी शेजारच्या काकूंकडं ठेवायची. तो शाळेत गेला की त्यांच्या ओट्यावर तिला चारायचं, तिथंच तोंड-हात धुवायचे, झबलं बदलायचं आणि मग घरात यायचं. चुकून दाणा पोटात गेलाच तर द्यायचं विराजचं इंजेक्शन माझ्या पिशवीत कायम असतं, तसंच राहील. ही भीती आता स्वयंपाकासारखी रोजचीच झाली.

विराजला आम्ही सांगणारच होतो. त्याला कळलंच पाहिजे, नाहीतर तो जपणार कसा? शाळेतून आल्यावर सागरनी त्याला जवळ बसवून सांगितलं, की ईश्वरीला आज दाणा दिला, तुझ्यासारखा त्रास तिला होऊ नये म्हणून लहानपणीच द्यायचा असतो. त्यानं नीट ऐकून घेतलं. तिला काही झालं का, विचारलं. नाही म्हटल्यावर हसला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मग मला का नाही दिला गं लहानपणी?"

आप्पा, मी दवाखान्यात घाबरले नव्हते एवढी तेव्हा घाबरले. सहा वर्षांचं पोर. कुणाच्या वाढदिवसाला केक खात नाही, डबा एकटा बसून खातो, कधी तक्रार नाही त्याची. आणि तो विचारतोय. तुमचे ते तेलाचे हात माझ्या डोळ्यांसमोर आले. मी म्हणाले, आम्हाला माहीत नव्हतं रे बाळा.

"आप्पांना पण?"

आप्पांना पण, म्हणाले मी.

त्यानं जरा विचार केला. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "आप्पांना माहीत असतं ना, तर त्यांनी मला दिला असता." आणि गेला खेळायला.

मी आत जाऊन रडून घेतलं आणि मग हे लिहायला बसले.

आता तुम्हाला नवा शब्द देते, आणि हा मोडायचा नाही. तेलाचं मी विराजला सांगणार आहे. आज नाही. तो मोठा झाला, त्याला स्वतःचं लेकरू व्हायची वेळ आली, की सांगेन, कारण त्याच्या लेकराच्या अंगाला कुणी मायेनं ते तेल लावायला नको. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याला ते कळू देणार नाही. मीच सांगेन, आणि पाटावर पाय पसरून तुम्ही त्याला कसं न्हाऊ घालायचात इथून सुरुवात करेन. ते सगळं सांगून झाल्यावर तेलाचं सांगेन.

तोवर त्याला एवढंच माहीत असू दे, की आप्पांना माहीत असतं तर त्यांनी दिला असता. ते काही खोटं नाही ना, आप्पा?

तुमची,
शुभी
कासुर्डी